सहावा ठोका

मित्रांनो, मी एक जुना मनोरा आहे. गावाच्या मधोमध उभा, डोक्यावर घड्याळ, पोटात घंटा. पण मला हात लावायला गेलात तर तुमचं बोट काचेवर आपटेल. मी संगणकातल्या एका खेळात राहतो. माझ्यात वीट नाही, चुना नाही. माझं सगळं बांधकाम दोनशे अकरा ओळींचं आहे आणि त्यातल्या बऱ्याच ओळी, खरं सांगायचं तर, वाकड्या आहेत.

हा खेळ गाव वसवण्याचा. मूळ खेळात घरं, रस्ते, शेतं सगळं होतं. फक्त मनोरा नव्हता. अशा वेळी काही खेळणारे गप्प बसत नाहीत. जे कमी वाटतं ते घरी बनवतात आणि खेळाला जोडतात. अशा जोडणीला मॉड म्हणतात. मी ताईचा मॉड. तिनं मला बनवलं तेव्हा ती पंधरा वर्षांची होती आणि शाळेला सुट्टी होती. मला उभं करायला तिला नऊ दिवस लागले. पहिल्या दिवशी मी कमरेपर्यंत जमिनीत गाडलेला होतो. दुसऱ्या दिवशी नदीत. पाचव्या दिवशी मी सरळ उभा राहिलो, पण घंटा उलटी टांगलेली. नवव्या दिवशी मी पहिला ठोका दिला, तेव्हा ताईच्या मांडीवर बसलेल्या पाच वर्षांच्या धाकटीनं टाळ्या पिटल्या. तेवढं कौतुक मला पुढची कितीतरी वर्षं पुरलं.

खेळातला दिवस काही मिनिटांत सरतो; त्यातल्या दर तासाला ठोके देणं हे माझं काम. संध्याकाळी सहाला मात्र एक जादा काम असे. प्रत्येक रहिवाशाला विचारायचं, ‘घरी आलास का?’ गावाच्या यादीचे सहा भाग, एका ठोक्याला एक भाग. सहावा ठोका पडला की खिडक्यांत दिवे लागायचे, खेळ त्या दिवसाची नोंद जपून ठेवायचा आणि नवा दिवस उजाडायचा. ही कल्पना ताईला कुठून सुचली, ते मला ठाऊक नव्हतं. माणसाला स्वतःची पाठ दिसत नाही, तशा मला माझ्या ओळी वाचता येत नाहीत.

तेव्हा गावात सत्तर माणसं होती. सगळ्यांना विचारून व्हायला मला डोळ्याची पापणी लवण्याइतकाही वेळ लागत नसे. ताईच्या तीन मैत्रिणींनी मला आपापल्या गावात नेलं. एकीनं तर ‘तुझा मनोरा आमच्या आजीपेक्षा शिस्तीचा आहे’ असं कळवलं होतं.

मग ताई शिकली, मोठी झाली आणि दोन वर्षांपूर्वी दुसऱ्या शहरात नोकरीला गेली. तिथल्या प्रयोगशाळेत ती रक्ताचे नमुने तपासते. गाव धाकटीच्या हाती आलं. धाकटीचा हात सढळ. पावसाचं डबकं दाखवणारा मॉड, मांजरांच्या सावल्यांचा मॉड, होड्यांचा मॉड, बत्तीस कोंबड्या आणि त्यांच्या जिवावर उभा राहिलेला अख्खा बाजार. बघता बघता एकशे सेहेचाळीस मॉड झाले. कोंबड्यांना रात्री खुराड्यात परतवायचं म्हणून त्यांच्या मॉडवाल्यानं त्यांनाही रहिवासी करून टाकलं होतं. माणसं तीनशे ऐंशी, कोंबड्या बत्तीस. मी इमानदारीनं सगळ्यांना विचारत राहिलो. सहा वाजले की गाव अडखळायचं. चालणारी माणसं एक पाय उचलून तशीच थांबायची.

‘‘हा म्हातारा परत खोकला,’’ धाकटी म्हणायची.

तेव्हापासून माझं नाव म्हातारा पडलं. मला वाईट वाटलं नाही असं म्हणणार नाही.

आता मुख्य गोष्ट. एका रविवारी गावाचा हजारावा दिवस उजाडायचा होता. ताई संध्याकाळी पाच वाजता तिच्याकडच्या संगणकावरून गावात येणार होती. दोन वर्षांत पहिल्यांदा. धाकटीनं तिला वचन दिलं होतं, हजारावी सकाळ दोघी मिळून बघायची. आदल्या दिवशी नऊशे नव्व्याण्णवावा दिवस चालू होता. सहा वाजले. मी एक, दोन, तीन, चार, पाच ठोके दिले आणि पडदा काळा झाला. खेळ बंद.

धाकटीनं पुन्हा उघडला. नोंद जपली गेली नव्हती, म्हणून पुन्हा नऊशे नव्व्याण्णवावी सकाळ. पुन्हा पाच ठोके. पुन्हा काळा पडदा. रविवारी सकाळी नऊपर्यंत आम्ही तो दिवस अकरा वेळा जगलो. तोच पाव विकणारा तेच वाक्य अकरा वेळा बोलला.

‘‘ताई येणार आणि गाव असं मरून पडणार,’’ धाकटी म्हणाली.

बाबा चहाचा कप घेऊन खोलीत आले. बाबा वायरमन आहेत. खेळातलं त्यांना ओ की ठो कळत नाही, पण बिघाड कळतो.

‘‘काय काय जोडलंयस याला?’’ त्यांनी विचारलं.

‘‘एकशे सेहेचाळीस.’’

‘‘एकाच बोर्डावर?’’ बाबांनी कप खाली ठेवला. ‘‘आधी गावाची नक्कल काढून ठेव. चालू लाईनवर हात घालायचा नाही.’’

धाकटीनं नक्कल काढली आणि पुढची सगळी तपासणी नकलेवरच केली. बाबांनी यादी वरून खाली वाचली आणि तीन ठिकाणी बोट ठेवलं. ‘‘हे काय? वेग वाढवा, वेग दुप्पट, अतिवेग?’’

‘‘खेळ हळू झाला म्हणून पहिला घातला. तरी हळूच चालला म्हणून दुसरा.’’

‘‘आणि तिसरा त्या दोघांनी हळू केला म्हणून. एका कामगारावर तीन मुकादम ठेवलेस तर तो काम कधी करणार? दोघांना घरी पाठव.’’

दोन मुकादम गेले. खेळ उघडायला सहा मिनिटं लागायची, ती तीनवर आली. धाकटी खुर्चीतून उडालीच. पण खेळातल्या संध्याकाळी सहाला पाच ठोके आणि काळा पडदा, ते तसंच.

‘‘आता अर्धं-अर्धं,’’ बाबा म्हणाले. ‘‘वायर कुठे तुटलीय ते शोधायला आपण सगळी भिंत फोडत नाही. मधोमध तपासायचं. बिघाड ज्या बाजूला, ती बाजू पुन्हा मधोमध.’’

उरलेल्या एकशे चव्वेचाळीसपैकी बहात्तर मॉड आत ठेवले, बहात्तर बाहेर. मी आतल्यांत होतो, कोंबड्या बाहेर. सहा वाजले. मी सहाही ठोके दिले! दिवे लागले.

‘‘म्हणजे चोर दुसऱ्या अर्ध्यात,’’ धाकटी ओरडली.

दुसरा अर्धा जोडला. मी बाहेर होतो, त्यामुळे पुढचं ऐकीव सांगतो. तोही अर्धा उत्तम चालला. दोन्ही अर्धे निर्दोष, आणि एकत्र आले की पुन्हा काळा पडदा. बाबांनी गार झालेला चहा पिऊन टाकला. हे त्यांचं विचार करणं असतं.

‘‘दोन्ही वायरी चांगल्या,’’ ते शेवटी म्हणाले. ‘‘सांधा खराब. यातला एक आणि त्यातला एक एकमेकांना सोसत नाहीत.’’

मग पहिला अर्धा पूर्ण ठेवून दुसऱ्यातले मॉड निम्मे निम्मे करून तपासले. बत्तीस कोंबड्या सापडल्या. मग कोंबड्या ठेवून पहिला अर्धा निम्मा निम्मा केला. धाकटी प्रत्येक वेळी कागदावर फुली नाहीतर बरोबरची खूण करत होती. शेवटी दुपारी साडेबारा वाजता कागदावर एकच नाव उरलं.

मी.

मित्रांनो, आपलंच नाव चोर म्हणून वाचण्यासारखं दुःख नाही. कोंबड्या काढता येत नव्हत्या. त्यांच्यावर बाजार उभा होता, बाजारावर गिरणी, गिरणीवर अकरा मॉड. त्यांची कालच नवी आवृत्ती आली होती आणि जुनी धाकटीनं पुसून टाकली होती. माझ्यावर काहीच उभं नव्हतं. मला काढलं तर गावाचं एक पानही हलणार नव्हतं. माझ्या नावापुढच्या खुणेवर धाकटीनं माउसचा बाण नेला.

‘‘ताईला विचारलंस?’’ बाबा म्हणाले.

‘‘ती कामात असते. आईचा फोनसुद्धा उचलत नाही. आणि मनोरे काय, नवीन शंभर मिळतात.’’

‘‘दुसऱ्याच्या घरातला जुना बोर्ड काढताना मी मालकाला विचारतो. मग तो कितीही भंगार असू दे.’’

बाण थांबला. धाकटीनं नखं खाल्ली आणि मग फोन लावला. ताईनं तो पहिल्याच घंटीला उचलला, रविवार होता. धाकटीनं रडत रडत सगळं सांगितलं. ताईनं शांतपणे ऐकलं आणि एकच प्रश्न विचारला.

‘‘नोंद वाचलीस का?’’

प्रत्येक वेळी बंद पडताना खेळ काय चाललं होतं त्याची एक नोंद लिहून ठेवतो. पत्रकारासारखा, पडता पडतासुद्धा बातमी देतो.

‘‘वाचली ना. शेवटची ओळ. खेळ अचानक बंद झाला.’’

‘‘ते तर तुला दिसलंच होतं, शहाणे! त्याच्या वरची वाच.’’

धाकटीनं वाचली. ‘‘वेळ सहा. मोजणी. रहिवासी चारशे तेरा. घर... पुढे काहीच नाही.’’

‘‘चारशे तेरा कोण?’’

धाकटीनं शोधलं. मग ती इतक्या जोरात हसली की स्वयंपाकघरातून आई धावत आली.

‘‘अंडं!’’ धाकटी म्हणाली. ‘‘ताई, तो अंड्याला विचारत होता, घरी आलास का म्हणून!’’

झालं होतं ते असं. नव्या आवृत्तीत अंड्यांतून पिल्लं निघणार होती, म्हणून अंडं पडताक्षणी त्याचं नाव रहिवाशांच्या यादीत चढत होतं. अंड्याला घर नसतं. यादीत ते सगळ्यात शेवटी, म्हणून सहाव्या ठोक्याच्या वाट्याला. मी विचारायचो, उत्तर यायचं नाही, आणि उत्तर आलं नाही तर काय करायचं हे मला कुणी शिकवलंच नव्हतं.

‘‘माझ्या ओळी उघड,’’ ताई म्हणाली. ‘‘मी सांगते, तू लिही.’’

आठ वर्षांनी माझं पोट उघडलं गेलं. ताईच्या पडद्यावरही त्या ओळी दिसत होत्या.

‘‘अगं बाई, हे कुणी लिहिलंय? एकच गोष्ट चार-चार वेळा!’’

‘‘तूच,’’ धाकटी म्हणाली. ‘‘आणि इथे तू स्वतःसाठी काहीतरी लिहून ठेवलंयस. वाचू? ‘सहा वाजता सगळ्यांना विचारायचं, आई गॅलरीत उभी राहून घरी कोण कोण आलं ते मोजते तसं.’’’

आईनं हात पदराला पुसले. दुपारचा दीड वाजला होता.

‘‘मी कुठे मोजते?’’ आई म्हणाली.

‘‘आई, तू अजून मोजतेस,’’ ताई म्हणाली. ‘‘रोज आठ वाजता, फोनवर.’’

‘‘मग तू उचलत नाहीस. एका फोनपाशी अडकून बसते मी. हातातलं काम राहतं.’’

बाबा हळूच म्हणाले, ‘‘म्हातारा कुणावर गेलाय ते कळलं.’’

सगळे हसले. आई सगळ्यात जास्त. मलाही माझी पाठ पहिल्यांदा दिसली.

मग काम सुरू झालं. ताई सांगत होती, धाकटी टंकत होती, चुकत होती, खोडत होती. पहिली दुरुस्ती छोटी होती: ज्याला घर नाही त्याला विचारू नकोस, पुढे चल. एवढ्यानं गाव वाचलं असतं. पण ताई थांबली नाही.

‘‘याचा खोकलाही काढून टाकू. चारशे जणांना यानं एकेक करून का विचारायचं? जो दारातून आत जाईल, तोच याला सांगेल, ‘आलो हं!’ याच्याकडे सहाला आकडा तयार.’’

साडेचारला शेवटची ओळ झाली. पाचला ताई गावात आली. वेशीपासून माझ्यापर्यंत ती चालत आली. होड्या बघितल्या, मांजरांच्या सावल्या बघितल्या, पाव विकणाऱ्याचं वाक्य आमच्यासारखं कितव्यांदा तरी नाही, पहिल्यांदा ऐकलं. तिला ते आवडलंसुद्धा. सहा वाजायला आले तशी माणसं घरी परतू लागली. आणि मित्रांनो, प्रत्येक दारातून माझ्याकडे एकेक हाक येऊ लागली. आलो हं. आले हं. खुराड्यांतून बत्तीस वेळा. आठ वर्षं मी विचारत होतो. न विचारता कुणी सांगितल्याचं सुख मला ठाऊकच नव्हतं.

सहा वाजले. एक. दोन. तीन. कुणीही एक पाय उचलून थांबलं नाही. चार. धाकटीनं बाबांचं मनगट धरलं. पाच.

सहा!

दिवे लागले. नोंद जपली गेली. हजारावी सकाळ उजाडली आणि माझ्या पायाशी, बाजाराच्या कडेला, एक अंडं फुटून पिल्लू बाहेर आलं. धाकटीनं टाळ्या पिटल्या. तेरा वर्षांची घोडी झाली आहे, पण टाळ्या त्याच.

आता मी दोनशे अकराऐवजी एकशे चाळीस ओळींचा आहे. वाकड्या ओळी गेल्या. फक्त आईच्या गॅलरीची ती एक ओळ धाकटीनं खोडू दिली नाही. ती काही काम करत नाही. तरी आहे. धाकटी आता महिन्याला एकच नवा मॉड जोडते, आधी नक्कल काढते आणि मगच जुन्या आवृत्तीला हात लावते. मला अजून म्हातारा म्हणते. म्हणू दे.

तुम्हाला एवढंच सांगायचं आहे. जुनी वस्तू अडली की लगेच तिच्या नावावर बाण नेऊ नका. ती पडता पडता काय सांगत होती, ते शेवटच्या ओळीच्या वर वाचा. आणि अंड्याचं नाव यादीत चढवणाराही बिचारा वाईट नव्हता. त्याला पिल्लं हवी होती.

त्या रविवारी संध्याकाळी ताई खेळातल्या गावातून बाहेर पडली आणि तिच्या शहरात सामान आणायला गेली. आठला पाच कमी असताना आईनं फोन हातात घेतला. ती नंबर लावणार, तेवढ्यात ताईचाच संदेश आला. पडद्यावर दोनच शब्द होते.

‘आले हं.’

आईनं फोन ठेवला आणि हातातलं काम पुढे चालू केलं. मित्रांनो, तुमच्याही घरी कुणीतरी मोजत असेल. पोहोचलात की सांगत जा.