पाचव्या पायरीवरचा डबक्या

मी एक जुना राक्षस आहे. मित्रांनो, दचकू नका. दचकायचं काम माझं आहे आणि ते मी रोज मन लावून करतो. मला सहा पाय आहेत, कपाळावर वाकडं शिंग आहे, जबडा तर असा की आख्खं कलिंगड मावेल. पण नाव मोठं, लक्षण खोटं म्हणतात ना, तशी माझी गत आहे. माझ्याइतका भित्रा प्राणी तुम्हाला शोधून सापडायचा नाही.

मी मोबाइलमधल्या एका खेळात राहतो. या खेळात राक्षस अंड्यातून निघतात, मुलं त्यांना पोसतात आणि रिंगणात एकमेकांशी लढवतात. दर फेरीला खेळणारा हुकूम देतो आणि राक्षस तो पाळतो. माझा जन्म एका मोठ्या शहरातल्या कचेरीत झाला. एकानं माझं चित्र काढलं, दुसऱ्यानं माझे आकडे भरले. ताकद बरी, कातडी जाड, वेग मात्र शंभरात नऊ! शेवटी एक ओळ मोकळी राहिली होती. त्या भल्या माणसानं तिथं लिहिलं, ‘हुकूम न मिळाल्यास चिखलात शिरतो आणि जखमा चाटतो.’ बाकीच्यांच्या नावापुढं ‘आग ओकतो’, ‘वादळ आणतो’ असं काहीबाही होतं. माझ्या नावापुढं पळपुटेपणा. तेवढी एक ओळ कुणी वाचत नसे, यातच मला समाधान होतं.

पहिलं अंडं सगळ्यांना फुकट मिळायचं आणि त्यातून मी निघायचो. म्हणजे माझ्या जातीचे खूप होते. शाळा बंद होत्या त्या वर्षी बिसराम नावाच्या एका बापानं मुलीच्या अभ्यासासाठी फोन घेतला आणि मी गोंदिया जिल्ह्यातल्या चिचगड गावी आलो. मुलीचं नाव दिव्या. तेव्हा ती चौथीत होती, आता नववीत आहे. घरात नेटवर्क येत नाही, म्हणून ती तलावाच्या पाळीवर, म्हणजे बांधावर जाऊन बसायची, तिथं एक दांडी मिळायची. अभ्यास संपला की ती मला बाहेर काढायची. कंपनीनं ठेवलेलं माझं लांबलचक इंग्रजी नाव तिला काही उच्चारता येईना. तिनं मला ‘डबक्या’ म्हणायला सुरुवात केली.

ते माझे सुखाचे दिवस होते. रिंगणात समोर बहुतेक वेळा माझ्याच जातीचा कुणीतरी उभा असायचा. कुणी तिरोड्याचा, कुणी आमगावचा. बोदलकशाचा एक तर गळ्यात निळी फीत बांधून यायचा. आम्ही एकमेकांना ढुशा द्यायचो, पण त्यात वैर नव्हतं. हरलो तरी घरी जाता यायचं.

मग यादी आली.

गोंदियाला लागून फुलचूर आहे. तिथं दिव्याचा मावसभाऊ देवेंद्र राहतो. आयटीआयला जातो, घरी तारेचं इंटरनेट आहे, आणि या खेळात त्याचा हात धरणारा जिल्ह्यात कुणी नाही. दर महिन्याच्या एक तारखेला तो मुलांच्या ग्रुपवर एक तक्ता टाकू लागला. पाच पायऱ्या. पहिल्या पायरीवर सगळ्यात कामाचे राक्षस, दुसरीवर त्याहून कमी, असं करत करत पाचव्या पायरीवर लाल अक्षरांत ‘कचरा’. पहिल्या पायरीवर बिजली नावाची एक पक्षीण असायची, डोळ्याचं पातं लवायच्या आत वार करणारी. पाचव्या पायरीवर कोण, हे सांगायला हवं का?

मित्रांनो, नुसतं नाव खाली असण्यानं मला काही झालं नसतं. पण एका फोनात दहाच राक्षस राहू शकतात. नवं अंडं ठेवायचं तर जुन्याला जागा सोडावी लागते. ‘सोडून द्या’ असं एक बटण आहे. ते दाबलं की राक्षस हिरव्यागार रानात चालत जाताना दिसतो, एकदा मागं वळून बघतो आणि चित्र संपतं. एकदा दिव्याची आई वच्छला शेजारी मोहफुलं निवडत बसली होती. तिनं एका छोट्या राक्षसाला असं जाताना पाहिलं.

‘‘रानात सोडला तं जगंल ना तो,’’ ती म्हणाली.

‘‘रान नाई हाये आई थे. नुसतं चित्र हाये,’’ दिव्या म्हणाली.

वच्छलेनं रानात उभा जन्म काढलाय. तिचा हात मोहफुलांवरच थांबला. मला तेव्हा जी धास्ती बसली, ती आजतागायत पुरती गेलेली नाही.

घर फिरलं की घराचे वासेही फिरतात. यादी आल्यापासून रिंगणात माझ्या जातीचे कमी होऊ लागले. तिरोड्याचा दिसेना. आमगावचा दिसेना. निळ्या फितीवाला एका सोमवारी भेटला आणि पुढच्या सोमवारी त्याच्या जागी चकचकीत बिजली उभी होती. कंपनीनंही माझं अंडं देणं बंद केलं. प्रत्येक एक तारखेला मी जीव मुठीत धरून बसायचो. दिव्या यादी उघडायची, बोटानं खाली खाली सरकवायची, आणि तिचं बोट माझ्या नावापाशी थांबलं की मी सहाच्या सहा पाय पोटाशी घ्यायचो.

दिव्या मात्र हट्टी. तिनं विज्ञानाच्या वहीच्या मागच्या पानांवर स्वतःचा हिशोब मांडला होता. चिचगडच्या पाळीवर बसून कोण किती वेळा जिंकलं, एवढाच. त्यात बिजली चौथ्या पायरीवर होती आणि मी पहिल्या. दिवाळीच्या सुट्टीत तिनं त्या पानाचा फोटो ग्रुपवर टाकला. मला वाटलं, पोरी, कशाला गं निजलेल्या वाघाला डिवचतेस! मी कुठंतरी तळाशी, कुणाच्या नजरेत न येता जगत होतो, ते काय वाईट होतं?

देवेंद्रचा आवाजी निरोप आला. आधी नुसतं हसणं, मग शब्द. ‘‘अरे यार दिव्या, ये क्या लिस्ट है? डबक्या पयला? पूरा जिल्हा हसून राहिला तुयावर. मी मंडईले येऊन राहिलो तुमच्या गावात. सगळ्यांसमोर खेळू. मी हारलो तं लिस्ट बदलतो. तू हारली तं तिथंच, सप्पा पोट्ट्यांसमोर, त्याले सोडून द्यायचा. बोल, मंजूर?’’

दिव्यानं निरोप दोनदा ऐकला. मी मनातल्या मनात ओरडत होतो, नाही म्हण, नाही म्हण! तिनं लिहिलं, ‘मंजूर’.

पुढचे सहा दिवस माझे कसे गेले ते मला विचारू नका. मी बिजलीशी आधी तीनदा लढलो होतो. तिचा वार दिसतच नाही, नुसतं दुखतं. त्यात एरवी रिंगणातून हरून आलो की फार तर खोपटात पडून राहायचो, पण आता हरणं म्हणजे ते हिरवं चित्र. दिव्या रोज मला खाऊ घालायची, पाठ चोळायची. तिचा अंगठा काचेवरून फिरला की मला वाटायचं, ही निरोप तर घेत नाही ना?

आमच्या झाडीपट्टीत दिवाळीनंतर गावोगाव मंडई भरते. लेकी माहेरी येतात, पाहुण्यांनी घरं भरतात, आकाशपाळणे, जिलेबी, रात्री दंडारीचं लोकनाट्य, सगळी धमाल. चिचगडच्या मंडईला दुपारी शाळेच्या व्हरांड्यात ही झुंज ठरली. मंडई भरवणाऱ्या मंडळाचे केशोराव पंच म्हणून खुर्चीत बसले. त्यांना खेळातलं ओ की ठो कळत नव्हतं, पण गावात भांडण असो की कबड्डी, पंच तेच असतात. दिव्या एका बाजूला मांडी घालून बसली, समोर देवेंद्र. भोवती पोरांचं कडं पडलं.

झुंज सुरू झाली. पहिल्या फेरीत दिव्यानं हुकूम दिला, मी पाय उचलला, आणि तो खाली टेकायच्या आत बिजलीनं माझी पाठ फोडली. दुसऱ्या फेरीत शिंग तडकलं. तिसऱ्या फेरीनंतर माझ्यात पावभर जीव उरला. पोरं ओरडायला लागली, ‘‘सोड! सोड!’’ ते मला उद्देशून नव्हतं, दिव्याला होतं. मला डोळ्यांसमोर ते रान दिसू लागलं.

तेवढ्यात मंडईला खरा रंग चढला. हजारभर पाहुणे, आणि जो तो आकाशपाळण्याचे व्हिडिओ पाठवतोय. नेटवर्क बसलं. दोन्ही फोनांवर गोल चक्र फिरू लागलं. देवेंद्र हुकूम दाबत होता, पण हुकूम रिंगणापर्यंत पोचतच नव्हता, आणि रिंगणातल्या फेऱ्या काही हुकमासाठी थांबत नाहीत.

मी दिव्याच्या हुकमाची वाट पाहिली. आणि पाहतो तर काय, तिनं फोन फरशीवर ठेवला आणि दोन्ही हात मांडीवर घेतले. टाकलं हिनं आपल्याला, मला वाटलं. शेवटच्या घटकेला हिनंही हात काढून घेतला! भीतीनं मी जे करतो तेच केलं. चिखल उकरला, आत शिरलो आणि जखमा चाटत बसलो.

‘‘दाब ना काईतरी!’’ देवेंद्र ओरडला. ‘‘काऊन नाई दाबून राहिलीस?’’

‘‘दाबून काय होते?’’ दिव्या शांतपणे म्हणाली. ‘‘पाळीवर रोज असंच होते दादा. त्याले मालूम हाये काय करायचं थे.’’

तेव्हा मला समजलं. पाच वर्षं ही मुलगी एका दांडीच्या नेटवर्कवर मला खेळवत होती. माझी ती शेवटची ओळ, जिची मला लाज वाटायची, ती तिनं शेकडो वेळा पाहिली होती. फुलचूरला हुकूम कधी चुकतच नाही, म्हणून तिथं ती कुणाच्या नजरेस पडली नाही.

बिजली झटपट जिंकायला बनवलेली. तिच्या अंगातली वीज दर फेरीला तिचाच थोडा जीव जाळते. हुकूम आला नाही की ती नुसती उभी राहते आणि जळत राहते. चार फेऱ्या गेल्या, सहा गेल्या, नऊ गेल्या. मी आत थरथरत जखमा चाटत होतो आणि वर ती एकटी जळत होती. खरं सांगतो, मला तिचीही दया आली. अकराव्या फेरीला चित्र एकदम पुढं सरकलं आणि पोरांना दिसलं, बिजली आडवी पडली होती.

‘‘ये नेटवर्क का खेल है!’’ देवेंद्र उठून उभा राहिला. ‘‘ये गिनती में नाई येत!’’

‘‘आमच्या गावात हाच खेळ हाये,’’ दिव्या म्हणाली. ‘‘तुजी लिस्ट फुलचूरची हाये दादा. वर तसं लिवून टाक, आमचं काई म्हननं नाई.’’

केशोरावांनी हात वर केला. ‘‘पडली थे हारली. बोलल्यासारखं कर गा बाबू, आन् जिलेबी खा.’’

देवेंद्र शब्दाला जागला. संध्याकाळी नवी यादी आली. पहिल्या पायरीवर माझं नाव, एकट्याचं. मित्रांनो, मला आनंद झाला, खोटं कशाला बोलू! पण तो फार टिकला नाही. ग्रुपवर भराभर विचारणा सुरू झाली. डबक्या कुणाकडं आहे? कुणी देतं का? कुणाकडं एखादा तरी? दोनशे मुलं होती त्या ग्रुपवर. एकाचंही ‘हो’ आलं नाही.

सकाळी बस यायच्या आधी देवेंद्र अंगणात आला. वच्छलेनं त्याला चहा दिला. तो पीत नव्हता.

‘‘दिव्या, दे जरा फोन. पाहू दे त्याले.’’

तिनं दिला. तो माझ्याकडं खूप वेळ बघत राहिला. ‘‘माझा पन पयला असाच होता,’’ तो म्हणाला. ‘‘शेरू म्हनत होतो मी. पयली लिस्ट टाकली ना, त्याच दिवशी सोडला. पोट्ट्याईले दाखवाले.’’ त्यानं बोट काचेवर टेकवलं, पण दाबलं काहीच नाही. हुकूम नाही म्हणून मी सवयीनं चिखलात शिरलो. ‘‘बापा,’’ तो हळूच म्हणाला, ‘‘शेरू असा करते, हे मी कधी पाहिलंच नाई.’’

बस आली आणि तो गेला. डोळे पुसले की नाही, ते माझ्या काचेतून दिसलं नाही.

आता मला सोडून द्यायचं कुणी म्हणत नाही. पण भीती गेलेली नाही, तिनं फक्त जागा बदलली आहे. दिव्या मला रोज रिंगणात नेते. समोर बिजल्या येतात, आगवाले येतात, वादळवाले येतात. माझ्यासारखा एकही येत नाही. मी पहिल्या पायरीवर उभा राहून लांबवर बघतो आणि मला वाटतं, या आख्ख्या जिल्ह्यात मी एकटाच उरलो तर नाही ना?

म्हणून मित्रांनो, हात जोडून एक मागणं आहे. याद्या करा, माझी ना नाही. पण तुमच्या एखाद्या जुन्या फोनात, कपाटात, गादीखाली, माझ्या जातीचा एखादा विसरून राहिला असेल, तर तो फोन चार्जिंगला लावा. त्याला जपा. आणि जमलं तर एक दिवस त्याला चिचगडच्या दिव्याकडं रिंगणात पाठवा. लढवू नका. तुम्ही हुकूम देऊ नका, तीही देणार नाही. आम्ही दोघं घाबरून शेजारी शेजारी चिखलात बसू.