शेजारणीचा होकार

रकियाने निरोप धाडला, "चार दिवसांसाठी आलेय. घराचं काम बघायला ये."

बतूल राहायची भिंतीला भिंत लावून. तरीही तिने सणाचा पायघोळ जेल्लाबा अंगावर चढवला, तव्यावरच्या घडीच्या गरम पोळ्या फडक्यात बांधल्या आणि लांबच्या गावी निघाल्यासारखी चार पावलं चालून गेली. रकिया अकरा वर्षांपूर्वी लेकाकडे, अनसकडे, तांजा शहरात राहायला गेली होती. आता एवढा खर्च करून घर नीट करतेय म्हणजे परतणारच, असं बतूलने चार महिन्यांपूर्वी पहिला हातोडा ऐकला तेव्हाच ठरवून टाकलं होतं.

मोरोक्कोतल्या तेतुआनच्या त्या गल्लीत आता बतूलच एक उरली होती. बाकीच्या बायका लेकांमागे नव्या वस्तीत गेल्या, नाहीतर कबरस्तानात. रकियाच्या घराचा मिस्त्री बुश्ता गच्चीवर चढण्याआधी रिवाजाप्रमाणे हाक द्यायचा, "बायांनो, आडोशाला व्हा, आम्ही वर येतोय!" बाया म्हणजे एकटी बतूल. ती आत जायची, पण जरा सावकाश.

चौकात चुन्याचे ढीग होते, कोरड्या कारंज्यात सिमेंटच्या गोण्या. बतूलने खोल्यांतून फिरता फिरता मोजलं.

"पाच न्हाणीघरं? अगं, किती जणांना खरूज झालीय तुमच्यात?"

रकिया खो खो हसली. "पाहुण्यांसाठी गं. पैसे देऊन राहणारे. अनसची कल्पना."

"आणि तू?"

"मी कुठली? गुडघे बघ माझे. हे जिने मला खातील." तिने फडकं हुंगलं. "बडीशेप घातलीस ना? घातलीसच तू!"

सगळं घर परत आलं असेल म्हणून बतूलने पोळ्या सात माणसांच्या केल्या होत्या. गवंडी खातील.

रकिया जिन्यावर दोनदा बसत गच्चीवर पोचली. दोघींच्या गच्च्यांमधली भिंत कमरेइतकी. चाळीस वर्षं तिच्यावरून कोथिंबीर, यीस्ट, भांडणं आणि एकदा तर तापाने फणफणलेला छोटा अनससुद्धा इकडून तिकडे गेला होता.

"ही दोन मीटर चढवायचीय," रकिया म्हणाली. "पण हा बुश्ता अडून बसलाय."

"शेजारणीने तोंडाने हो म्हटल्याशिवाय मी वीट लावत नाही, लल्ला," बुश्ता म्हणाला. मोठ्या बायांना तो आदराने लल्लाच म्हणायचा. "माझ्या बापानेही लावली नाही."

"तुझ्यासाठीच गं, बतूल. परके पुरुष इथे चहा पीत बसणार. तू केस वाळवणार, कपडे वाळत घालणार..."

बघू देत की, असं बतूलच्या मनात आलं. कुणीतरी बघू दे. पण हे कुठली घरंदाज बाई बोलून दाखवते?

"राहू दे," ती म्हणाली. "आहे तेवढी बरी."

"वेडी का तू? लोक काय म्हणतील?"

"कुठे आहेत लोक?"

बुश्ताने थापी खाली ठेवली. "मग अनससाहेबांना कळवतो. ते म्हणत होते, शेजारची पिंपं दिसली तर पाहुणे..." आणि त्याने जीभ चावली.

बतूलने आपली गच्ची अकरा वर्षांत या बाजूने पाहिली नव्हती. दोन निळी प्लास्टिकची पिंपं, ठिगळाची चादर, एक तीन पायांची खुर्ची.

रकियाचे कान लाल झाले. ती नखाने भिंतीवरचा चुना खरवडत राहिली. बतूल नाहीवरच अडून राहिली असती तर वीट लागली नसती. तेवढी ताकद आज तिच्या हातात होती. पण रकियाने आयुष्यात कधी काही तोंड उघडून मागितलं नव्हतं. तिचं मागणं हे असं, नखातून ओळखावं लागायचं.

"बांध बाबा," बतूल म्हणाली.

"मनापासून? तसं म्हणावं लागतं, लल्ला."

"मनापासून. आणि माझ्या बाजूचा गिलावा नीट कर. तिकडून मला एकटीलाच बघायचीय ती."

रकिया हसली, सुटल्यासारखी. बुश्ता हसला नाही. मोजपट्टी काढून तो भिंतीवरून पलीकडे वाकला आणि गिलावा किती लागेल ते मोजू लागला.