शीग उतरवलेली वाटी

सन १९०९ ची ही हकीकत. तेव्हा मी धारला होते. मित्रांनो, मी पितळेची एक लहानशी वाटी, मुठीत मावेल एवढी. देवासच्या कासाराने मला ठोकून घडवले आणि सावित्रीबाईंच्या रुखवतातून मी धारला आले. देवघरात पंचामृत तेवढे माझ्या वाट्याला येई. माझ्यात कुणाचा जीव मावेल, असे मला कधी वाटले नव्हते.

सावित्रीबाईंचे यजमान विश्वासराव नालछ्याच्या सरकारी बागेवर देखरेखीला होते. नुसत्या वासावरून ते फळाचे झाड सांगत. त्यांना मधुमेह जडला. अंगठ्याला काटा लागून झालेली जखम दोन महिने भरेना. देवासहून श्रीपाद वैद्य आले. त्यांनी काढे दिले, गूळ, साखर आणि भात तोडला. विश्वासरावांनी सगळे पाळले, तरी अंगठा काळवंडू लागला. असेच चालले तर पाय कापावा लागेल, असे वैद्यांनी सावित्रीबाईंना बाजूला घेऊन सांगितले.

मग त्या माउलीने जे केले, ते आठवून मी आजही थक्क होते. यजमान लघवीला जाऊन आले की मोरीत मुंग्या लागत. त्या मुंग्यांवर तिने महिनाभर नजर ठेवली. सोमवारी आणि एकादशीला रांगाच रांगा, एरवी तुरळक. अक्षरओळख नसलेल्या बाईने मुंग्यांकडून रोगाचे वर्तमान काढले आणि वैद्यांना कळवले.

वैद्यांनी उपासाचे विचारले. विश्वासराव म्हणाले, "उपासाला कसलं खाणं? नुसती फळं. सहा केळी, मूठभर खजूर, बागेत पिकलं असेल ते. त्याला काय जेवण म्हणायचं?"

वैद्य म्हणाले, "मी सगळं तोडलं आणि तुमचा उपास विचारायचा राहिला. चूक माझी."

फळ मात्र त्यांनी तोडले नाही. देवघरातून मला उचलून ते म्हणाले, जेवणानंतर या वाटीभर फोडी खा. पेरू, जांभूळ चालेल. केळे, सीताफळ क्वचित, तेही अर्धी वाटी. चावून खा, रस काढून पिऊ नका. आणि उपास बंद.

विश्वासरावांचा चेहरा उतरला. चातुर्मासाचा नेम मोडायचा कसा?

"नेम माझ्याकडे द्या," सावित्रीबाई म्हणाल्या. "तुमचे उपास मी करते, तुम्ही जेवा."

पहिले काही दिवस विश्वासराव माझ्या कडेच्या वर फोडींची शीग चढवीत. बागेतले माप शिगेचेच असते, असे म्हणत. सावित्रीबाई बोटाने शीग उतरवीत. हे माप बागेतले नाही, वैद्यांचे आहे, असे सांगत.

कार्तिकी एकादशीला जमुनाबाई माळीण नालछ्याहून सीताफळांची पाटी घेऊन आली. "एक तो चखो, भैयासाब," म्हणाली आणि गेली. घरभर वास सुटला. सावित्रीबाई आत होत्या, सकाळपासून उपाशी. विश्वासराव पाटीपुढे एकटे बसले. हात लांबवला असता तर अडवणारे कुणी नव्हते.

त्यांनी एकच फळ फोडले. गर माझ्यात घातला, अर्ध्यावर आणला, आणि स्वतःच्या बोटाने सपाट केला. मला तसेच कोनाड्यात ठेवले, जेवणानंतरसाठी. मग पाटी उचलून आत नेली.

"उपास तुझा," ते म्हणाले, "मग फराळही तुझाच."

सावित्रीबाई बाहेर आल्या आणि पदराने माझी कड पुसत राहिल्या.

माघात जखम भरली. अंगठ्याला नख पुन्हा आले नाही, पण त्याच पायाने विश्वासराव आणखी बारा वर्षे बाग फिरले. श्रीपाद वैद्य अखेरपर्यंत प्रत्येक रोग्याला आधी उपास विचारत. जमुनाबाई पुढे सीताफळांआधी पेरूच आणी. सावित्रीबाईंनी यजमानांमागेही त्यांचे उपास चालवले. मी आता त्यांच्या नातीकडे, विनोदिनीकडे आहे. तिलाही तोच रोग आहे.

मित्रांनो, घरातल्या अशा माणसापासून फळे लपवू नका. डॉक्टरांना माप विचारा आणि ते उपासालाही पाळा. माझी कल्हई उडाली आहे, तेवढी करून घ्या. विनोदिनी कधी कधी शीग चढवते. मग मी वाट पाहते, तिचे बोट आपणहून माझ्या कडेवरून फिरण्याची.