सहा मिनिटांचं जेवण

घरातलं म्हातारं माणूस अंथरुणाला खिळलं की सगळ्यांना एकच प्रश्न पडतो, आता यांचं करायचं कुणी? यांना खायला काय घालायचं, हा प्रश्न मात्र फारसा कुणाला पडत नाही. चहा आहे, पाव आहे, पातळ पेज आहे, या वयात लागतं किती, असं म्हणून आपण मोकळे होतो. वाचकहो, पुढची गोष्ट अशाच एका घरातली आहे. ती वाचताना आपलं घर आठवलं तर पान उलटून पळू नका.

बस आगारात गाड्यांची वेळापत्रकं आखणारा एक गृहस्थ होता. चालक-वाहक त्याला तोंडावर साहेब म्हणत आणि पाठीमागे मिनिटराव. शेवटच्या थांब्यावर गाडी पोचली की चालकाला पुन्हा निघायला त्याने चार मिनिटं ठेवली होती. तेवढ्यात चालकाने पाणी प्यावं, लघवीला जाऊन यावं आणि गाडी काढावी. कुणी तक्रार घेऊन आलंच, तर मी स्वतः घड्याळ लावून पाहिलंय, असं तो ऐकवायचा. पाहिलं होतं हे खरं. पण ते पाहिलं तेव्हा तो तिशीतला होता, आणि तक्रार करणाऱ्यांचे गुडघे पंचावन्न वर्षांचे होते.

या मिनिटरावची आई एके दिवशी वरच्या फळीवरचा डबा काढायला स्टुलावर चढली आणि पडली. खुब्याचं हाड मोडलं. ऑपरेशन झालं, आत सळई बसली. घरी सोडताना डॉक्टरांनी दोन गोष्टी बजावल्या: रोज व्यायाम आणि रोज भरपूर प्रोटीन. हे घर मांस न खाणारं, म्हणून त्यांनी कागदावर मोठ्या अक्षरांत लिहूनच दिलं की डाळी, हरभरे, राजमा, दूध, दही, पनीर, शेंगदाणे, यातलं काही ना काही प्रत्येक जेवणात पोटात गेलंच पाहिजे. एवढं प्रोटीन झेपेल ना, म्हणून मूत्रपिंडं तपासली होती, ती ठणठणीत होती. दोन महिन्यांत आजी वॉकर घेऊन घरभर फिरतील, असं ते म्हणाले.

आईने डॉक्टरांना एवढंच विचारलं, "संडासला माझी मी जाईन ना?"

"जाल की. नक्की जाल."

आई तेवढ्यावर खूश झाली. आयुष्यभर तिने स्वतःचा पेलासुद्धा दुसऱ्याला विसळू दिला नव्हता, आणि हॉस्पिटलात परक्या बायका तिच्या खाली भांडं सरकवत होत्या. तेव्हा ती डोळे मिटून भिंतीकडे तोंड करायची.

घरी आल्यावर मिनिटरावने आपल्या खाक्याप्रमाणे वेळापत्रक आखलं आणि आईच्या पलंगासमोर भिंतीवर चिकटवलं. पाय वर उचलणं, पाय बाजूला नेणं, उभं राहणं, दहा पावलं चालणं, सगळ्याला वेळ ठरली. नाश्त्याला सहा मिनिटं, रात्रीच्या जेवणाला सहा मिनिटं. दुपारी शेजारच्या मावशी येऊन ताट वाढून जायच्या, त्यांनाही त्याने सहाच मिनिटं सांगून ठेवली. मिनिटरावला आठच्या आत आगारात पोचायचं असे. त्याची बायको शाळेच्या कचेरीत कामाला होती, ती त्याच्याही आधी घर सोडायची आणि संध्याकाळी त्याच्यानंतर यायची. दोघांच्याही पायाला भिंगरी. सहा मिनिटं काढली हेच त्याच्या मते पुष्कळ होतं.

पहिले तीन दिवस त्याने डॉक्टरांच्या कागदाप्रमाणे उकडलेले हरभरे वाढले. पण महिनाभराच्या आजारपणात आईच्या हिरड्या बसल्या होत्या आणि कवळी ढिली झाली होती. ती एकेक दाणा या गालातून त्या गालात फिरवत राहायची. एक वाटी संपायला सत्तावीस मिनिटं लागली. मिनिटराव हातातल्या घड्याळाकडे बघत पलंगाशी उभा. चौथ्या दिवशी त्याने तोडगा काढला. आगारात गाडी उशिरा पोचत असेल तर तो वेळ वाढवून द्यायचा नाही, मधले थांबे काढून टाकायचा. आईच्या ताटातलं चावावं लागणारं सगळं त्याने तसंच काढून टाकलं. हरभरे गेले, राजमा गेला, शेंगदाणे गेले, पनीर गेलं. डाळ घोट घोट पिता यावी म्हणून त्यात पाणी ओतलं, इतकं की वाटीचा तळ दिसावा. दूध उरलं ते चहात पडेल तेवढंच. उरला चहात बुडवलेला पाव, पेज आणि एखादं केळं. सहा मिनिटांत सगळं फस्त. मिनिटराव स्वतःवर जाम खूश झाला.

बायकोला हे खटकलं होतं. एका संध्याकाळी तिने हरभऱ्यांची वाटी पलंगाजवळ ठेवली आणि म्हणाली की बसतील चघळत, कुठे गाडी पकडायचीय त्यांना. मिनिटरावने वाटी उचलून ओट्यावर नेऊन ठेवली. खाणं दिवसभर चालू राहिलं तर व्यायाम कधी व्हायचा, असं त्याचं म्हणणं पडलं. बायको गप्प बसली. घरात वाद नको म्हणून आपण शहाणी माणसं जशी गप्प बसतो तशीच. शहाण्यांच्या त्या गप्प बसण्याची किंमत कुणाच्या तरी अंगावरचं मांस देतं, हे तिला तेव्हा कळलं नाही.

सहा मिनिटं झाली की ताट उचललं जायचं. त्यात दोन घास उरलेत की चार, हे बघितलं जात नसे. पहिल्यांदा आई म्हणाली, "अरे, थांब की जरा." दुसऱ्यांदा तिने ताटाची कड धरून ठेवली. मिनिटरावने तिची बोटं एकेक करून सोडवली, लहान मुलाच्या हातातली कात्री काढून घ्यावी तशी. त्यानंतर सहा मिनिटं झाली की ती आपणच ताट पुढे सरकवू लागली.

तिसऱ्या आठवड्यात आईच्या मांड्यांची कातडी लोंबू लागली. पाचव्या आठवड्यात टाचेला जखम पडली, आणि ऑपरेशनची भरत आलेली जखम एका टोकाला पुन्हा उकलून पाझरायला लागली. मिनिटरावने यातून काढायचा तो निष्कर्ष काढला: आई व्यायामात टंगळमंगळ करते. मग उभं राहण्याची वेळ त्याने दुप्पट केली. ती थरथरत वॉकर धरून उभी राहायची आणि तो आकडे मोजायचा.

एका सकाळी संडासकडे जाताना ती मध्येच थांबली. "पाय धरत नाहीत रे," म्हणाली.

"पाय धरत नाहीत की मनात नाही? पलंगावर पडून राहायची सवय लागलीय तुला. चल."

तिने आणखी दोन पावलं टाकली आणि तिथेच तिच्या पायांवरून ओघळ खाली आला. फरशीवर लघवीचं थारोळं झालं. त्र्याहत्तर वर्षांची बाई पोटच्या पोराच्या समोर मान खाली घालून उभी होती, आणि वॉकर सोडून तोंड झाकायचीही सोय नव्हती. मिनिटरावने फडकं आणलं. पुसता पुसता तो म्हणाला, "दहा पावलं होती फक्त."

त्या दिवसापासून आईने पाणी पिणं कमी केलं. पेजसुद्धा अर्धी ठेवू लागली. पोटात काही गेलंच नाही तर जावंही लागणार नाही, असा तिचा साधा हिशेब.

जखम अजून पाझरतेय असं सातव्या आठवड्यात कळवल्यावर डॉक्टरांनी पट्टी बदलायला घरी एक नर्सबाई पाठवल्या. मोठ्या हॉस्पिटलातून निवृत्त झालेल्या, जाड चष्म्याच्या आणि तोंडाने फटकळ. त्यांनी पट्टी सोडली, जखम बघितली, आईच्या दंडाला टेप गुंडाळून माप घेतलं आणि विचारलं की आजी, आज दिवसभरात काय काय खाल्लं? आईने उत्तर द्यायच्या आधी मुलाकडे बघितलं. नर्सबाईंना बहुतेक तेवढ्यानेच सगळं कळलं. मिनिटरावने अभिमानाने भिंतीकडे बोट केलं. नर्सबाईंनी चष्मा वर सरकवून तो कागद वरपासून खालपर्यंत वाचला.

"साहेब, हे तुम्ही लिहिलंत?"

"हो. सगळं वेळेवर होतं आमच्याकडे."

"वेळेवर उपाशी मारताय तुम्ही यांना."

मिनिटराव भडकला. आई दिवसातून तीनदा जेवते, वर चहा दोनदा, असं त्याने ठणकावलं. नर्सबाईंनी आवाज चढवला नाही. त्या म्हणाल्या, चहा-पावाने आणि पेजेने पोट भरतं, पण फाटलेली कातडी त्याने सांधत नाही आणि मांडीला मांस धरत नाही. त्याला प्रोटीन लागतं. ते बाहेरून मिळालं नाही की शरीर आपल्याच पायांचं मांस मोडून खातं. "तुमच्या आईने गेले सात आठवडे स्वतःचे पाय खाल्लेत," त्या म्हणाल्या. "आणि रिकाम्या पायांवर तुम्ही व्यायाम लादलात. मांस न खाणाऱ्या घरात सात आठवडे हेच चालू होतं, हा विनोद तुम्हाला कळतोय का?"

"आम्ही मांसाला शिवत नाही," मिनिटराव पडलेल्या आवाजात म्हणाला. "आणि चावायला तिला अर्धा तास लागतो. आम्ही दोघं नोकरी करणारी. वेळ आणायचा कुठून?"

"मांस खा म्हणतंय कोण? मी स्वतः कधी खाल्लं नाही आणि चाळीस वर्षं वॉर्डात उभी राहिले. चावता येत नाही तर वाटून द्या. घरात मिक्सर आहे ना?"

मग बायकोने उसळीसाठी रात्री भिजवून ठेवलेले हरभरे घेऊन त्यांनी समोर उभं राहून त्यालाच करायला लावलं. झोपायच्या आधी हरभरे भिजत टाकायचे, सकाळी कुकरला लावायचे आणि कुकर शिजत असताना खुशाल दाढी करायची, कुकरला तुमची गरज नसते. हरभरे मऊ झाले की दह्याबरोबर वाटायचे. डाळ घट्ट शिजवायची, पाण्याची धार हात आखडून धरायची. पेज करायचीच असेल तर पाण्याऐवजी दुधात करायची आणि वर भाजलेल्या शेंगदाण्यांचं कूट दोन चमचे घालायचं. एकदा केलेलं वाटण फ्रिजमध्ये दोन दिवस राहतं. हे सगळं सांगून त्या म्हणाल्या की आता लावा तुमचं घड्याळ.

सवयीने मिनिटरावने खरंच घड्याळ लावलं होतं. भिजत टाकायचं एक मिनिट धरून कुकर चढवणं, वाटणं, भांडं विसळणं, सगळ्याची बेरीज अकरा मिनिटं भरली. तो त्या आकड्याकडे बघत राहिला. अकरा मिनिटं! तेवढ्यासाठी त्याने सात आठवडे आईला चहात बुडवलेल्या पावावर ठेवलं होतं. तो स्वयंपाकघरातल्या स्टुलावर मटकन बसला. नर्सबाईंनी त्याला पाणीबिणी दिलं नाही. त्या आपली पिशवी आवरून निघून गेल्या.

त्या संध्याकाळी बायको आली तेव्हा मिनिटराव आईच्या पलंगावर बसून तिला वाटलेले हरभरे भरवत होता. आई मुकाट्याने खात होती. थोड्या वेळाने तिने अचानक तोंड मिटलं आणि वाटी हाताने दूर सारली. निम्मीअधिक वाटी अजून भरलेली होती.

"पोट भरलं का, आई?"

"नाही," ती म्हणाली. "वेळ झाली ना."

बायको दारात उभी होती, तिला तिथून पुढे यायचं धाडस झालं नाही. मिनिटरावने भिंतीवरचा कागद ओढून काढला, पण आई त्या मोकळ्या भिंतीकडे घाबरून बघायला लागली. आता ही कसली नवी शिस्त, असं तिला वाटलं असावं. ती पोटभर खायला लागायला पुढचे बारा दिवस गेले.

अन्नाने आपलं काम केलं. जखम महिनाभरात भरून आली, टाचही सुकली, गालांवर थोडी तुकतुकी आली. तीन महिन्यांनी मिनिटराव तिला घेऊन डॉक्टरांकडे गेला. डॉक्टरांनी तिला उभं केलं, चालवलं, मांड्या चाचपल्या आणि मिनिटरावला म्हणाले, "जखमेचं काम झालंय. पण या वयात गेलेले स्नायू सगळे परत येत नाहीत. कुणी धरलं तर चालतील. एकट्या नाही."

आई शेजारीच बसली होती. तिने या वेळी डॉक्टरांना काहीच विचारलं नाही.

घरी आल्यावर मिनिटराव तिच्या पायांशी बसला आणि रडला. चुकलं माझं, म्हणाला. आई त्याच्या डोक्यावरून हात फिरवत म्हणाली, "तुझं काय चुकलं? वेळच नव्हता तुला." तिला हे मनापासून वाटत होतं, त्यात टोमणा नव्हता. टोमणा असता तर मिनिटरावला झोप तरी लागली असती.

वाचकहो, मांस न खाणं हा ज्याच्या त्याच्या मर्जीचा मामला आहे आणि त्यात वाईट काहीच नाही. पण ताटातून एक गोष्ट वगळली की तिची जागा दुसऱ्या कशाने तरी भरावी लागते. डाळ, कडधान्यं, दूध, दही, शेंगदाणे, हे सगळं आपल्या घरात डब्यांत भरून पडलेलं असतं. ते शिजवायला लागणारी मिनिटं आपण ज्याच्या ताटातून वाचवतो, त्याच्या अंगातून ती वजा होतात. म्हातारी माणसं तक्रार करत नाहीत, म्हणून आपल्याला वाटतं की सगळं ठीक चाललंय. आज घरी गेलात की आपल्या घरातल्या म्हाताऱ्या माणसाच्या ताटात डोकावून बघा, आणि वाटीचा तळ दिसत असेल तर लाज वाटू द्या.

मिनिटराव आता शहाणा झाला आहे. आगारात तो चालकांना जेवायला पुरेसा वेळ ठेवतो, आणि घरी आईचं जेवण संपेपर्यंत जागचा हलत नाही. रोज सकाळी आई हाक मारते. तो तिला दोन्ही हातांनी धरून संडासपर्यंत नेतो, आत बसवतो आणि दार लोटून बाहेर उभा राहतो. ती डोळे मिटून भिंतीकडे तोंड करून बसते.