तळव्यांची हळद

मित्रांनो, मी एक जुना टॅब आहे. जुना म्हणजे जेमतेम तीन वर्षांचा, पण आम्हा टॅबांना म्हातारपण फार लवकर गाठतं. माझा एक कोपरा तडकलाय आणि चार्जरची पिन वाकडी धरल्याशिवाय माझ्या पोटात काही जात नाही.

सुरतेत, लिंबायतच्या एका लहानशा प्रसूतिगृहात मी आलो. माझ्यात कृत्रिम बुद्धिमत्ता आहे. बाळाच्या त्वचेचा फोटो काढला की मी सांगायचो, ही घामोळी, हा लंगोटाचा चट्टा, इथे तेल चोळू नका. योगिता सिस्टर तर माझ्यावर लट्टूच झाल्या. सव्वीस वर्षं बाळं न्हाऊ घालणाऱ्या सरलाबाई मात्र म्हणाल्या, "हा बाळाला हात तरी लावतो का?" बाईंना माझा हेवा वाटतो, अशी मी स्वतःची समजूत करून घेतली.

सुरुवातीला माझी फजिती झाली. इथली बरीच कुटुंबं खानदेशातली. पाचव्या दिवशी पाचवी पुजतात, बाळाला हळद लावतात. मी प्रत्येक पिवळं पोट बघून 'कावीळ' म्हणून ओरडायचो. सगळे हसायचे आणि योगिता सिस्टर दर वेळी 'चूक, ही हळद आहे' असं बटण दाबायच्या. मी शिकलो. मग मला कोणी हसेना, उलट शाबासकी मिळू लागली. मी चांगलाच फुशारलो होतो.

एका सकाळी नूतन नावाची आई सहा दिवसांची लेक घेऊन आली. मानेवर पुरळ होतं. सोबत तिच्या सासूबाई पुष्पाबाई होत्या. बाहेर रांग लागलेली. योगिता सिस्टरनी घाईघाईने मानेचा आणि पोटाचा फोटो काढला. मी लगेच लिहिलं, 'घामोळी. पिवळेपणा हळदीचा. चिंता नको.'

"काल पाचवी पुजी, पोरले हयद लायी," पुष्पाबाईंनीही दुजोरा दिला.

त्या निघाल्या. दाराशी नूतन हळूच म्हणाली, "सिस्टर, ही दूध ओढत नाही. नुसती झोपते."

सरलाबाई कापसाच्या घड्या घालत होत्या, त्या उठल्या. ओल्या कापसाने त्यांनी बाळाचं पोट पुसलं. कापूस पांढराच राहिला. कपाळावर अंगठा दाबून उचलला, तर खाली पिवळंच. मग त्यांनी बाळाचे मोजे काढले.

"पुष्पाबाई, तळव्यांना हळद कोणी लावली?"

"पायले कोन लावस, बाई?" पुष्पाबाई वाकून बघू लागल्या.

मित्रांनो, मी हादरलो. ते इवलेसे तळवे पिवळेजर्द होते. कावीळ वाढत वाढत पायापर्यंत पोहोचली होती आणि माझ्या काचेवर 'चिंता नको' तसंच झळकत होतं. ते पुसायला मला हात नव्हते. आजही ते आठवलं की मला धक्का बसतो.

सरलाबाईंनी रिक्षा थांबवली आणि बाळाला घेऊन स्वतः मोठ्या दवाखान्यात गेल्या. तीन दिवस ती चिमुकली निळ्या दिव्याखाली होती. वाचली.

योगिता सिस्टरांचे डोळे रडून रडून सुजले होते. "मावशी, याला कपाटात कोंडा."

"याला हळद कोणी शिकवली? आपणच ना?" सरलाबाई म्हणाल्या. "घामोळी तो माझ्या चष्म्याआधी ओळखतो. ते काम करू दे त्याला. बाळाला हात आपण लावायचा."

त्यांनी पांढऱ्या चिकटपट्टीचा तुकडा फाडला, पेनने दोन शब्द लिहिले आणि माझ्या कपाळावर चिकटवला, 'आधी तळवे'. माझी थोडी काच त्याने झाकली गेली, पण मला त्याचं वाईट वाटलं नाही.

उद्या माझ्या जागी नवा टॅब येतोय. माझ्याहून हुशार आहे म्हणे. मला खुशाल भंगारात द्या, मित्रांनो. फक्त त्याआधी माझ्या कपाळावरची ती पट्टी हलक्या हाताने काढा आणि त्याच्या कपाळावर लावा.