डावीकडे मधमाशी, उजवीकडे ताड

"हलू नका," मेणकाकू म्हणाल्या. "हसूसुद्धा नका. रेघ चुकेल."

मीटरकाका स्वयंपाकघरातल्या स्टुलावर हनुवटी वर करून बसले होते. काकूंनी एका डबीतलं मलम त्यांच्या ओठांच्या डाव्या अर्ध्या भागावर लावलं, बोट फडक्याला पुसलं आणि दुसऱ्या डबीतलं उजव्या अर्ध्या भागावर लावलं.

"आता चाटायचं नाही. एकमेकांवर ओठ घासायचे नाहीत. चहा तर अजिबात नाही."

"आणि बोलायचं?"

"तेही कमीच करा. घरात शांतता तरी लाभेल."

डावीकडे मधमाशीचं मेण होतं, उजवीकडे ताडाच्या जातीच्या एका परदेशी झाडाच्या पानांवरून खरवडलेलं कार्नोबा मेण. मधमाशीचं मेण काकूंना बोटांनी पाठ होतं. हाताच्या उबेने ते नरम पडायचं आणि ओठांवर निमूट बसायचं. कार्नोबा म्हणजे दगड. वितळायलाच इतकी आच मागायचं की काकू त्याला 'जावईबापू' म्हणायच्या. चिमूटभर जास्त पडलं तर मलमाची वडी व्हायची आणि ती ओठांवर फिरवण्याऐवजी ओठच तिच्यावर फिरवावे लागायचे.

तरीही कार्नोबा आणायची वेळ आली होती. सुगंधी वस्तूंच्या एका मोठ्या दुकानाची मालकीण आज संध्याकाळी घरी येणार होती. मेणबत्त्या आणि ओठांचं मलम, दोन्हींची वर्षभराची ऑर्डर ती देणार होती. अट एकच, मलमात मधमाशीचं मेण नको. "गिऱ्हाईकं म्हणतात, माश्यांना त्रास नको," तिने फोनवर सांगितलं होतं. फोन ठेवल्यावर काकू म्हणाल्या होत्या, "माश्यांना नको. मला झाला तर चालेल."

मीटरकाकांनी सगळी नोकरी पाण्याचे मीटर वाचण्यात घालवली होती. ही नोकरी अशी की माणूस गावातल्या प्रत्येक घरी जातो आणि कुणाच्याच घरी जात नाही. बेल वाजवायची, जिन्याखाली वाकायचं, आकडा टिपायचा, निघायचं. निवृत्त झाले आणि दुसऱ्याच दिवशी काकूंनी त्यांना प्रयोगशाळा करून टाकलं. मध्यंतरी त्यांच्या एका टाचेवर सोयाच्या मेणाचं मलम होतं आणि दुसरीवर पॅराफिनचं. त्या दिवसांत काका मोजे घालताना डावा-उजवा असं न म्हणता सोया-पॅराफिन म्हणत.

प्रयोगाचा नियम लेकीने घालून दिला होता. ती दूरच्या शाळेत रसायनशास्त्र शिकवायची. "आई, एका वेळी एकच गोष्ट बदल," ती फोनवर म्हणायची, "नाहीतर कशामुळे काय झालं ते कळणारच नाही." म्हणून दोन्ही डब्यांत तेल तेच, व्हॅनिलाचा वास तोच, फक्त मेण वेगळं. पहिली डबी झाल्यावर व्हॅनिलाची बाटली संपली, तेव्हा काकूंनी फळीवरून दुसरी उतरवली होती, इतकंच. फळीवर सगळ्या सारख्याच तपकिरी बाटल्या होत्या आणि एकीवरही चिठ्ठी नव्हती. काकूंनी कधी लावलीच नव्हती. बूच उघडून नाकाशी धरलं की त्यांना बाटलीची सगळी वंशावळ कळायची.

"वास कसाय?" काकूंनी विचारलं.

"डावा साडेसहा. उजवा सात."

"अहो, वासाला गुण काय देता? गोड आहे, उग्र आहे, काही सांगाल की नाही?"

"सात म्हणजे बराच आहे."

हल्ली काकू त्यांना वारंवार वासाबद्दल विचारायच्या. काकांना त्याचं बरं वाटत होतं. इतक्या वर्षांनी बायको आपलं मत विचारते आहे, निवृत्तीचं काहीतरी चीज झालं.

दहाएक मिनिटांनी त्यांच्या उजव्या ओठाला मुंग्या आल्या. मग मुंग्याही गेल्या आणि ओठच गेला. काकांनी आरशासमोर शीळ घालून पाहिली. डावीकडून शीळ आली, उजवीकडून नुसती हवा.  अर्धा चेहरा अचानक बधिर होणं म्हणजे पक्षाघाताचं लक्षण, हे दवाखान्याच्या भिंतीवरच्या तक्त्यात त्यांनी वाचलं होतं. काकू आत पातेलं खरवडत होत्या. त्यांना घाबरवायला नको म्हणून काकांनी मिळतील त्या दोन चपला पायात सरकवल्या आणि जिना उतरून ते खालच्या मजल्यावरच्या डॉक्टरीणबाईंकडे गेले. चपलांपैकी एक काकूंची होती.

"डॉक्टर, मला झटका आलाय," ते म्हणाले. 'झटका' शब्द उजवीकडून ओघळला.

डॉक्टरीणबाई चटकन उठल्या. "दोन्ही हात वर करा. छान. आता हसा."

"मला हसू येत नाहीये."

"तरी हसा."

काका हसले. डॉक्टरीणबाई आणखी जवळ आल्या, थबकल्या आणि त्यांनी दोनदा नाक ओढलं.

"काका, दाढ दुखतेय का?"

"नाही."

"मग ओठाला लवंगेचं तेल कशाला फासलंत? बधिर नाही होणार तर काय होईल?"

"ते व्हॅनिला आहे."

"हे व्हॅनिला असेल तर मी वैमानिक आहे." त्यांनी कापूस घेऊन काकांचा ओठ खसखसून पुसला. "तासाभरात उतरेल. पण काय हो, इतका भपकारा येतोय, तुम्हाला जाणवला नाही?"

"जाणवला की. मी त्याला सात दिले."

वर येताना काका निम्म्या जिन्यात थांबले. आपल्या नाकाचं ठीक आहे, त्याच्याकडून कुणाची कधीच काही अपेक्षा नव्हती. पण हिचं? कुणाच्या घरी दूध करपलं हे ही जिन्यावरून सांगायची. आपण चालत आलो की बसने, हे शर्टावरून ओळखायची. आणि लवंग तिला कळली नाही?

बंद पडलेला मीटर नुसता बघून ओळखू येत नाही, हे काकांना नोकरीने शिकवलं होतं. आकडे सगळे जागच्या जागी असतात. घरात पाणी वाहत असतं, फक्त काटा हलत नसतो. गेल्या आठवड्यात आपल्याच घरात दूध उतू जाऊन जळलं, तेव्हा काकू शेगडीच्या शेजारीच पाठ करून उभ्या होत्या. आणि ते रोजचं 'वास कसाय?'

त्यांनी घरात येऊन ती बाटली काकूंसमोर ठेवली. "हे काय आहे?"

"व्हॅनिला. मघाशीच तर घातलं."

"वास घेऊन सांग."

काकूंनी बूच उघडलं, बाटली नाकाशी धरली आणि खाली ठेवली. "व्हॅनिलाच."

काकांनी ओठ पुढे केला. काकूंनी त्यांच्या लाल झालेल्या ओठाकडे पाहिलं, मग बाटलीकडे.

"काय होतं?" त्यांनी हळूच विचारलं.

"लवंग."

काकू स्टुलावर बसल्या. "थंडीत सर्दी झाली होती ना, तेव्हापासून. सर्दी गेली, वास काही परत आला नाही. नाकाच्या डॉक्टरांकडे जाऊन आले. ते म्हणाले, आला तर येईल."

"आणि मला बोलली नाहीस?"

"तुम्हाला सांगितलं असतं तर गावाला कळलं असतं. तुम्हाला प्रत्येक घराची बेल वाजवायची सवय." हे बोलताना त्यांनी पदराने नाक पुसलं. "वास नाही तर मी कोण हो? मेण वितळवणारी बाई. ते तर उन्हात ठेवलं तरी वितळतं."

काकांनी यावर एक योजना सुचवली. मालकीण आली की वास काका घेतील आणि काकूंना खुणेने सांगतील. उजवा कान धरला तर लव्हेंडर, डावा धरला तर व्हॅनिला, चष्मा पुसला तर लवंग.

"आणि गुलाब?"

"गुलाबाला खोकेन."

काकूंनी कपाळावर हात मारला, पण नाही म्हणाल्या नाहीत. घरात दुसरं नाक नव्हतं.

मालकीण वेळेवर आली. तरुण होती, चटपटीत, हसरी. टेबलावर तीन मेणबत्त्या जळत होत्या आणि त्यांच्याबद्दल बोलताना काकूंचा आवाज हळूहळू पहिल्यासारखा झाला.

"हे पॅराफिन. स्वस्त आणि दिसायला लखलखीत. पण वात जरा लांब राहिली की भिंत काळी करतं. हे सोयाचं. मऊ असतं, म्हणून काचेतच शोभतं. घातलेला वास छान धरून ठेवतं. पण गारठ्यात तोंडावर पांढरे चट्टे येतात आणि गिऱ्हाईक बुरशी आली म्हणून परत आणतं."

"आणतात हो, काकू! परवाच एकीने आणली," मालकीण म्हणाली. "आणि हे पिवळं?"

"हे मधमाशीचं. महाग आणि हट्टी. याचा स्वतःचाच वास असतो, दुसऱ्याला फार नांदू देत नाही."

मालकिणीने सोयाची मेणबत्ती विझवली, काच उचलून डोळे मिटून हुंगली. "अहाहा. लव्हेंडर तर आहेच, पण मागे आणखी काहीतरी आहे. काकू, काय घातलंत हो? मागच्या वेळी तुम्ही मला एकेक उलगडून सांगितलं होतंत."

तिने काच पुढे केली. काकूंनी ती घेतली, नाकाशी नेली आणि काकांकडे पाहिलं.

काका तत्परतेने वाकले, त्यांनी जोरात हुंगलं. वास होता. सात, किंवा साडेसात. त्यांनी उजवा कान धरला. मग खात्री वाटेना म्हणून डावाही धरला.

"काका, कान दुखतायत का?" मालकिणीने विचारलं.

काकांनी घाईघाईने कान सोडले, चष्मा काढून पुसला आणि वेळ मारून न्यायला समोरच्या चहाचा मोठा घोट घेतला. ओठाला अजून पुरती जाग आली नव्हती. निम्मा चहा उजवीकडून शर्टावर उतरला. त्याचा ठसका लागला आणि ते खोकत सुटले.

"आता गुलाबही झाला," काकू म्हणाल्या आणि त्यांना हसू फुटलं. डोळ्यांत पाणी येईपर्यंत त्या हसल्या. हसू ओसरल्यावर त्यांनी काच हलकेच टेबलावर ठेवली.

"ताई, मला वास येत नाही. थंडीपासून. यात मागे काय आहे ते मला माहीत नाही. मी बाटल्यांवर चिठ्ठ्या लावत नाही, त्यामुळे यात काय पडलंय ते देवालाच ठाऊक. आज यांच्या ओठाला व्हॅनिला म्हणून लवंग लावली."

मालकीण आधी हसली, मग काकांच्या ओठाकडे बघून थांबली. तिने टेबलावरची मलमाची डबी उघडून हुंगली.

"काकू," ती म्हणाली, "मग वासाचं काही मी तुमच्याकडून कसं घेऊ? मलम तर लोकांच्या तोंडाला लागतं."

"घेऊच नका. तुमच्या जागी मीही घेतलं नसतं."

"मी वास घेत जाईन की," काका म्हणाले.

"नको!" दोघी एकदम म्हणाल्या.

मालकिणीने डबी बंद केली. पर्स उचलली. पण उठता उठता तिचं लक्ष तिसऱ्या, पिवळ्या मेणबत्तीवर गेलं. ती सरळ जळत होती, ज्योत हलत नव्हती, खाली एक ओघळ नव्हता. मालकिणीने तिच्या गुळगुळीत अंगावरून बोट फिरवलं.

"यात काही घातलंय?"

"वात," काकू म्हणाल्या.

"अशा बिनवासाच्या, उंच, देऊ शकाल?"

"त्या डोळे बांधूनही देईन. पण फोनवर मधमाशी नको म्हणत होतात ना?"

"ओठांना नको. दिव्याला चालते." मालकिणीने खांदे उडवले. "गिऱ्हाईक आहे, काय करणार?"

ऑर्डर ठरली होती त्याच्या चौथ्या हिश्शाएवढीच झाली. मलमाचं नाव निघालं नाही. दारात मालकीण काकूंचा हात धरून म्हणाली, "वास परत आला की आधी मला कळवा." काकू "हो" म्हणाल्या, पण त्या 'हो'त फार जोर नव्हता.

दार लागल्यावर काकांना वाटलं, आता ही रडेल. ते रुमाल शोधू लागले. काकूंनी मात्र उरलेल्या दोन मेणबत्त्या विझवल्या, पदर खोचला, मोठ्या पातेल्यात पाणी चढवलं, त्यात छोटं पातेलं बसवलं आणि पिवळ्या मेणाची ढेप फोडायला घेतली. तुकडे कडेकडेने पाघळत गेले. मधली शेवटची ढेकळं बुडाली आणि सगळं पातेलं कोऱ्या चहासारखं नितळ झालं.

काकूंनी आच बंद केली. आणि मग, ओतण्याआधी जन्मभर वाकत आल्या तशा त्या पातेल्यावर वाकल्या, डोळे मिटले आणि एक लांब श्वास घेतला.

काटा हलला नाही, हे काकांना दिसलं आणि ते खिडकीकडे तोंड करून उभे राहिले. रस्त्यावर बघण्यासारखं काही नव्हतं, तरी ते बघत राहिले.

"अहो," जरा वेळाने मागून आवाज आला, "साचा धरा. सरळ धरा."

त्यांनी दोन्ही हातांनी साचा धरला.