शिंपीकाकांची मूठ

मित्रांनो, हाताची पकड मोजणारे एक जुने यंत्र आहे मी. एक लोखंडी दांडा आणि काचेआडचा काटा, एवढाच माझा संसार. पक्षाघाताने लुळा पडलेला हात किती सावरला, हे डॉक्टरबाई माझ्यावरून ठरवत. काटा जरा हलला तरी रुग्णाच्या घरच्यांचे डोळे भरून यायचे. मला वाटायचे, हे सारे माझ्यामुळेच!

डॉक्टरबाई संशोधन करायच्या, वर्तमानपत्रात आरोग्य धोरणावर लिहायच्या. पकड परत आली की सरकारी खर्चाचे व्यायाम थांबवावेत, म्हणजे ताटकळलेल्यांना जागा मिळेल, असे त्यांनी लिहिले. लेख गाजला, नियम झाला. मी तर हरभऱ्याच्या झाडावरच चढले.

मग उजवा हात लुळा पडलेल्या शिंपीकाकांची तपासणी झाली. काटा झपकन वर गेला.

"झकास! काका, तुम्ही बरे झालात. आता यायला नको."

"पण बाई, कात्री अजून..."

"जमेल हळूहळू."

बाई आकडा पाहत होत्या. काका डाव्या हाताने उजव्याची बोटे माझ्यावरून एकेक करून सोडवत होते. मला ते कळत होते, तरी मी मिरवत राहिले. त्याची लाज आजही जात नाही.

काही महिन्यांनी काका मुलीबरोबर आले. तिचे मनगट काळेनिळे पडले होते.

"रस्ता ओलांडताना बाबांनी हात धरला, तो सुटेचना," ती म्हणाली. "बोटं उघडतच नाहीत. आता ते मला हातच लावत नाहीत."

बाईंनी काकांची मिटलेली बोटे उघडून पाहिली. "मूठ मिटते का, तेवढंच मोजलं मी. उघडते का, ते पाहिलंच नाही. माझं चुकलं, काका."

"मग व्यायाम सुरू करा की परत."

"नियमात बसत नाही," बाई पुटपुटल्या. नियम त्यांच्याच लेखाने झाला होता.

चूक कबूल करणारा त्यांचा दुसरा लेख कुणी फारसा वाचला नाही. नियम अजून तसाच आहे. रुग्ण संपले की बाई स्वतःच काकांची बोटे उघडायला बसतात. आणखी किती हात असे मिटलेले राहिले असतील, या विचाराने त्या मधेच थांबतात.

मित्रांनो, माझी धूळ पुसा, मला जपून ठेवा. पण माझ्या काट्यावर विसंबून आजाऱ्याला निरोप देऊ नका. त्याला काय जमत नाही ते विचारा, आणि त्याचे बोलणे पुरे होऊ द्या.

काल बाईंनी आपला हात पुढे केला. "धरा, काका."

"आणि सुटला नाही तर?"

"तर बसून राहीन. मला कुठं जायचंय?"